तानपुऱ्याची ओटी

भोपळ्याचं मले कोनी शिकवू नये. आसेगावच्या शिवारात चाळीस वर्षं झाले, मी दोडके, लवकी, कोहळे, वांगे पिकवून राह्यली. वाशीमच्या बाजारात व्यापारी मायं कोहळं हातात घेते, नुसती एक टिचकी मारते अन् बाजूले ठेवते, निवडत बसत नाई. म्हनून आमच्या घरातून तानपुरा परदेशी पाठवाचं निघालं तवा मी पयल्याच दिवशी सांगतलं, "त्याचं पोट म्हंजे वाळला भोपळा आहे. पातळ आहे. एक धक्का लागला का गेला. नीट इचार करा."

"तुले कोनी इचारलं?" आमचे हे म्हनाले.

खरी गोष्ट होती. वैष्णवीच्या कोन्याच गोष्टीत मले सहा वर्षापासून कोनी इचारत नोयतं, अन् मीबी कोनाले इचारत नोयती. तोंडानं फटकळ आहे मी, पन मनानं त्याच्याऊन वाईट, असं यायचं म्हननं. हे म्हंजे नानाजी, माये मालक. नाव घेतलं तर घेतलं, आता या वयात काय बिघडते.

वैष्णवी आमची एकुलती एक लेक. शाळेत होती तवा वाशीमच्या रामधन सरायनं तिचं गानं आयकलं अन् यायले बोलावून सांगतलं, पोरगी सुरात आहे, इले मायाकडे पाठवत जा. तवापासून दर रविवारी एस.टी.नं वाशीम. दहा वर्षं. सर थकले, हात कापाले लागले, तवा त्यायनं सोताचा तानपुरा तिले देऊन टाकला. चार तारायचा, मिरजेचा, लय जुना. यायनं तो एस.टी.त सीटवर बसवला अन् सोता उभं राहून घरी आनला. कंडक्टरनं इचारलं, हे काय आहे जी, तर म्हने, मायी दुसरी लेक आहे. हे मानूस तसं कमी बोलते, पन असं कधीमधी बोलून जाते.

मंग पोरीनं अंकुरशी लग्न केलं. वाशीमले, कोर्टात. पोरगा शिकलेला, वागाले चांगला, पन आमच्या जातीतला नोय. मी म्हनली, माया जीव गेला तरी हे होनार नाई. जीव काई गेला नाई, लग्न झालं. साक्षीची सही कराले हे गेले, मी घरी बसली. तिसऱ्या दिवशी तिचं ऑस्ट्रेलियाचं इमान होतं. निघाच्या आधी ती घरी आली.

आमच्यात लेक निघाली का माय तिची ओटी भरते. पाच मुठी गहू, हळकुंड, सुपारी, खारका, चोळीचा खन, नारळ. मी माहेराहून, इंझोरीहून निघाली तवा माया मायनंबी भरली होती. अन् लेक त्यातले चार दाने मांगं माहेरात टाकते, का माहेर भरलेलं राहावं. ते झाल्याबिगर उंबरा ओलांडत नाई कोनी. वैष्णवी दारात आली, पदर पसरला अन् उभी राह्यली. मी सूप घेऊन गहू निवडत बसली होती. सूपभर गहू मायाच हातात होते. मी वर पाह्यलं नाई. ती किती वेळ उभी होती देव जाने. मंग तिनं पदर खोचला अन् गेली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाई म्हनते ना, तशातली मी. सहा वर्षं तिचा फोन यायच्या मोबाईलवर ये, दर रविवारी. मी चुलीपाशी बसून आयके, बोले नाई. पयले वर्षभर ती म्हने, "आईले द्या ना." मंग तिनंबी सोडलं. तानपुरा कोपऱ्यात राह्यला. त्याले मी माया जुन्या लुगड्याची खोळ शिवली, दर शनिवारी पुसला, उंदीर लागू देल्ला नाई. हे कोनाले सांगाची मले गरज वाटली नाई.

यंदा दिवाळी झाल्यावर एका रविवारी फोन आला तवा पोरीचा आवाज भरलेला होता. सहा वर्षात ती एकदाबी गायली नोयती, हे मले तवा समजलं. मोबाईलमधला तानपुरा लावून बसतो, म्हने, पन गळाच उघडत नाई. तिथल्या आपल्या लोकायच्या एका मंडळानं तिले फेब्रुवारीत गाले बोलावलं होतं. "बाबा, मले माया तानपुरा पायजे," ती म्हनली. "तो आला तर गाईन. नाई तर गान्याचं नाव सोडून देतो मी."

सहा वर्षात लेकीनं मागतलेली ही पयली गोष्ट. हे फोन ठेवून कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत बसले.

नागपूरले विनोद म्हनून एक पोरगा आहे, लोकायचं सामान बाहेरदेशी पाठवाचं काम करते. यायनं त्याले फोन लावला. मी मधातच सांगतलं, सोयाबीनच्या कुटारात, भुशात बसवा, आंबे बसवतो तसा, केसालेबी धक्का लागत नाई. विनोद फोनमधूनच घाबरला. "काकू, कुटाराचं नाव नका काढू. त्या देशात गवताची काडी चालत नाई, मातीचा कन चालत नाई, धान्य अन् बी तं बिलकुल नाई. त्यायची शेती मोठी आहे, बाहेरचा किडा नको त्यायले. सापडलं तर सामान जाळून टाकते."

असा कसा देश बाप्पा, जिथं काडी चालत नाई, असं मी म्हनली. पन हे कामाले लागले, अन् लागले म्हंजे असे का इचारू नका. तानपुऱ्याची खोली तीनदा पुसली. खोलीत चपला बंद, बारदाना बंद. वावरातून आलं का आधी आंघोळ, मंग खोलीत पाय. तारा ढिल्या केल्या. तारा ज्याच्यावर टेकते ती घोडी काढून वेगळी गुंडाळली. मी झाडनी घेऊन आली तर म्हने, ते झाडनी बाहेर ठेव, तिची काडी पडते. घरची झाडनी बाहेर ठेवाची पाळी माया जन्मात पयल्यांदा आली.

खोकं बनवलं हेमसिंगनं. तांड्यावर राह्यते, सुतारकाम करते, त्याच्या हाताले तोड नाई. साधं लाकूडबी चालत नोयतं, त्यातबी किडे असते म्हने, म्हनून प्लायवूड आनलं. मोठ्या खोक्यात लहान खोकं, मधात चार बोटं फोम. हेमसिंग म्हनला, "नानाजी, आधी कोहळ्यावर पाहू." कोहळे मायेच. एक कोहळं खोक्यात बसवलं अन् ओट्यावरून खाली सोडलं. फुटलं. दुसऱ्याले तडा गेला. मंग हेमसिंगनं दोन दिवस डोकं लावलं अन् आतून एक चौकट बसवली, का भोपळा कुठंच टेकू नये, सगळा भार दांडीच्या बुडावर यावा. तिसरं कोहळं एका दांड्याले बांधून चौकटीत बसवलं, ते ओट्यावरून दोनदा पडलं अन् जसंच्या तसं निघालं. त्या आठवड्यात आमच्या घरी दोन्ही टाइम कोहळ्याची भाजी होती.

विनोदनं कागद पाठवले. यायनं चष्मा लावला अन् मोठ्यानं वाचले. खोक्यात धान्य नाई, बी नाई, माती नाई, गवत नाई, खाची वस्तू नाई. खाली सही केली अन् मायाकडे पाह्यलं. "आयकलं ना?"

"बहिरी नाई मी," मी म्हनली.

आता लोकं म्हनतीन, बाई, तूनं आपल्या कानानं आयकलं होतं, मंग काहून केलं? तेच सांगून राह्यली. निघाच्या दिवशी सकाळी हे पिकअप पाहाले फाट्यावर गेले. हेमसिंगचे स्क्रू कमी पडले म्हनून तो घराकडे गेला. खोकं उघडं होतं. पांढऱ्या फोममधे तानपुरा निजला होता. मी एकटीच होती. मनात आलं, चालली बाप्पा हेबी. सहा वर्षं मायाजवळ राह्यली, माया लुगड्यात राह्यली, अन् आता रिकाम्या ओटीनं चालली. एकीले मी तशीच जाऊ देल्लं. दुसरीलेबी तसंच पाठवू का?

माया कपड्याच्या पेटीत हिरवा खन होता. पोरीच्या लग्नासाठीच घेतला होता, कोर्टाचं समजाच्या आधी. तो काढला. त्यात पाच मुठी गहू घातले, दाना अन् दाना निवडलेले. हळकुंड, सुपारी, पाच खारका. नारळ ठेवला नाई, भोपळ्याले लागला असता, तेवढी अक्कल होती मले. गाठोडी बांधली अन् दांडीच्या खाली, चौकटीच्या कोपऱ्यात अशी दाबून बसवली का हलनार नाई, कुठं लागनार नाई. तो कागद मले आठवला नाई असं नाई. पन धान्य म्हंजे कोठीतलं, पोत्यातलं. बी म्हंजे पेराचं. ओटीत घातलं का ते ना धान्य राह्यते ना बी राह्यते, ते ओटी. कोन्या सरकारले लेकीच्या ओटीची काय अडचन असन, हे माया डोस्क्यात आलंच नाई.

हात बाहेर काढला तर दारात हेमसिंग उभा. त्यानं पाह्यलं होतं. झाकन ठेवलं अन् स्क्रू फिरवाले बसला.

खोकं मुंबईहून बोटीनं गेलं. चाळीस दिवस लागतीन, असं विनोद म्हनला. हे रोज कॅलेंडरवर एक एक दिवस खोडत. मीबी मनात खोडत होती, पन यायले दाखवलं नाई.

जानेवारीत एका बुधवारी दुपारी फोन वाजला. रविवार नाई, बुधवार. यायनं फोन स्पीकरवर लावला.

"बाबा, खोकं अडवलं बंदरावरच्या लोकायनं," वैष्णवी म्हनली. "आत गहू सापडले. किडे पडले त्यायले, जित्ते किडे. तुमी तं लिहून देल्लं होतं ना का आत काई नाई?"

"गहू?" हे म्हनले. "गहू कुठून येतीन बापा? मी हातानं पुसलं सगळं."

"मले काय माहीत. चौकशी करून राह्यले, कागद अन् फोटो पाठवतो म्हनले. बाबा, ते किडे भोपळ्यात शिरले असतीन तर तानपुराबी जाळतीन. कार्यक्रम तं गेलाच समजा."

मी भाकर टाकली होती. ती तव्यावर काळी झाली, धूर नाकात गेला, तवा मले समजलं. दाना अन् दाना निवडलेल्या गव्हात किडे. चाळीस दिवस बोटीत, अंधारात, बंद खोक्यात. शेतकऱ्याची बाई मी, बंद गव्हाचं काय होते हे मले सांगाले पायजे का? मी काळी भाकर काढली अन् दुसरी टाकली. सहा वर्षं बोलाचं तवा बोलली नाई, अन् आता तोंड उघडावं तर हे बोलाचं.

यायनं तिथंच बसून हिशेब लावला. खोकं बनलं कुठं, हेमसिंगच्या पडवीत. पडवीत काय होतं, गव्हाचे कट्टे, भरलेले पोते. उठले तसे फाट्यावर गेले. मी मांगं मांगं गेली. हेमसिंग चहाच्या टपरीवर बसला होता, चार लोकं होते. यायचा आवाज मी इतका चढलेला कधी आयकला नोयता. "हेमसिंग, तुले सांगतलं होतं ना साफ जागेत काम कर म्हनून. तुया गव्हापायी मायी पोरगी बरबाद झाली. तिचा तानपुरा जाळून राह्यले तिकडे."

हेमसिंगनं कप खाली ठेवला. एक वेळ मायाकडे पाह्यलं. मी पायाकडे पाहत होती.

"असन गा नानाजी," तो म्हनला. "माया पडवीत गहू होते. सांडले असतीन. मायी चूक."

लोकायनं ते आयकलं, अन् गावाले तेवढं पुरते. शुक्रवारपर्यंत सगळ्यायच्या तोंडी झालं, हेमसिंगनं नानाजीचं सामान बुडवलं. एकानं त्याच्याकडचं दरवाजाचं काम काढून घेतलं. चोराच्या मनात चांदनं, मले वाटे सगळं गाव मायाकडेच पाहून राह्यलं, अन् मायाकडे तं कोनी पाहतबी नोयतं. रात उलटे पन डोळा लागे नाई. दुसऱ्याच्या डोक्यावर आपलं पाप ठेवून जेवाले बसलं का घास कसा खाली जात नाई, ते मले त्या दोन दिवसात समजलं.

शनिवारी सकाळी मी तांड्यावर गेली. हेमसिंगच्या बायकोनं, कमलीबाईनं पानी देल्लं, पन तोंड फिरवून. "तीस वर्षात त्यायच्या हाताले कोनी बोट दाखवलं नोयतं, वयनी," एवढंच म्हनली अन् आत गेली.

हेमसिंग रंधा मारून राह्यला होता. मी इचारलं, "तुमी पाह्यलं होतं ना? मंग काहून नाई सांगतलं?"

"चार लोकायत बाईच्या ओटीची गोष्ट मी काढू का?" तो म्हनला. रंधा थांबवला नाई. "ते तुमचं सांगनं आहे वयनी. मायं नोय."

मी घरी आली. हे ओट्यावर बसले होते. मी पुढं उभी राह्यली अन् सांगून टाकलं, खनापासून खारकापर्यंत सगळं. मले वाटलं आता पायातली काढतीन. मारते तर मारू दे, असंबी वाटलं. त्यायनं काईच केलं नाई.

"त्या दिवशी भरली असती तर दारातच भरली असती ना, पंचफुला," हे म्हनले. "सूपभर गहू होते तुयाजवळ."

मंग उठले, टोपी घातली. मोबाईल माया हातात ठेवला. "मी हेमसिंगकडे जातो. फाट्यावर, त्याच चार लोकायपुढं माफी मागाची आहे मले. पोरीले तू सांग. मी नाई सांगनार."

मले फोन लावता येत नाई असं नाई. तिचा फोटो दिसते, त्याच्यावर बोट ठेवाचं असते. सहा वर्षात शंभर वेळा पाह्यला तो फोटो. बोट ठेवलं.

"हां बाबा," तिकडून आवाज आला.

"मी आहे."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गहू मी ठेवले," मी म्हनली. "हेमसिंगनं नाई, तुया बाबानं नाई. मी."

"माहीत आहे मले."

"कसं काय?"

"गुरुवारी फोटो आला. हिरवा खन. अन् तुयी गाठ. शाळेच्या डब्याले अशीच गाठ मारे ना तू, मले सुटत नोयती. त्यायलेबी सुटली नाई. कापली त्यायनं."

"मंग बापाले काहून नाई सांगतलं? इकडे एका गरिबाची इज्जत गेली."

"हेमसिंग काकाचं मले माहीत नोयतं, आई. मी पाहून राह्यली होती, तू सांगतं का नाई." ती म्हनली. "सहा वर्षं पाहून राह्यली."

मी इचारलं, तानपुऱ्याचं काय.

तिनं सांगतलं. सोमवार शेवटचा दिवस. एक कागद आहे, त्याच्यावर सही केली तर ते गाठोडी जाळून टाकतीन, तानपुऱ्याले किडे मारायच्या औषधाचा धूर देतीन अन् सोडतीन. धुरानं भोपळ्याले काई झालं तर त्यायची जबाबदारी नाई. सही नाई केली तर सगळंच जाळते.

"मंग केली ना सही?"

"नाई."

"काहून वं?"

"ओटी जाळाले सही कशी करू मी?" ती म्हनली अन् रडाले लागली. "त्यायनं लिहून मागतलं, हे काय आहे, कोनी ठेवलं, कायले ठेवलं. मी लिहून देल्लं, माया आईनं मायी ओटी भरली. दोन दिवस झाले कागद टेबलावर पडून आहे. पेन उचलतो अन् ठेवून देतो. सहा वर्षांनी आली, आई, अन् तीबी मले फोटोतच दिसली."

तवा मी रडली. सांगतो, लपवून काय करू. माय मेली तवा रडली नोयती एवढी रडली. ज्या पोरीले मी दारात उभं ठेवलं होतं, ती माया किडक्या गव्हापायी आपला तानपुरा जाळू देत होती. मंग नाक पुसलं अन् मले मायाच राग आला, अन् राग आला का मले बोलता येते.

"येडी झाली का तू?" मी म्हनली. "सही कर. आत्ता कर. किडे पडलेली ओटी ओटी नसते, जाळू दे तिले. जे काई पाप आहे ते माया माथी. अंगावर पदर आहे का?"

"घरी आहो मी. ओढनी आहे."

"ओढनी तं ओढनी. दाराकडे तोंड कर अन् पसर."

"आई..."

"पसर म्हनली ना."

मी मोबाईल उंबऱ्यावर ठेवला. कोठीतून गहू काढले, सुपात घेतले, देवापुढचं नारळ आनलं. फोनजवळ बसली अन् ताटात मुठी सोडाले लागली, सावकाश, तिले आवाज गेला पायजे अशा. पयली मूठ. दुसरी. तिसरी. दर मुठीले तोंडानं सांगत होती. हे हळकुंड. हे सुपारी. ह्या खारका, पाच आहे. नारळ त्या वेळी ठेवला नोयता, भोपळ्याले लागन म्हनून, आता ठेवला. खन तुया तिकडेच गेला, तो धरून चाल. पाचवी मूठ सोडली.

"झाली का?" मी इचारलं.

"झाली," ती म्हनली. फोन बंद झाला. चार दाने मांगं टाकाचे राह्यले, हे मले फोन ठेवल्यावर आठवलं. पुन्हा लावाची हिंमत झाली नाई.

तिनं सही केली. मंग एकवीस दिवस काई खबर नाई. धूर देऊन झाला का, भोपळा फुटला का, कोनाले काई माहीत नाई. विनोदले रोज फोन करू करू त्यानंच उचलनं सोडलं. कार्यक्रमाची तारीख जवळ आली अन् निघून गेली. पोरगी गायली नाई. यायनं फाट्यावर माफी मागतली तवापासून हेमसिंग रोज सांजच्याले येऊन बसे. चौकटीचा जोड कुठं ढिला राह्यला का, याचाच इचार करे.

रविवारी फोन वाजला तवा हेमसिंगबी बसलाच होता. यायनं उचलला, आयकलं, स्पीकर लावला अन् मायाकडे धरला. "आईले द्या म्हनते."

तानपुरा घरी आला होता. एक तार तुटली होती, ती नवी टाकली. पन भोपळ्याले मांगून बारीक तडा होता.

"केवढा?" हेमसिंग जवळ सरकला.

"बोटभर लांब, केसाएवढा," वैष्णवी म्हनली. "धुरानं का रस्त्यानं, माहीत नाई. मी त्याले हात लावाले भेतो, आई. वाजवला अन् उकलला तर?"

"टिचकी मार," मी म्हनली.

"काय?"

"तड्याजवळ टिचकी मार अन् मले आयकू दे."

तिनं मारली. मी फोन कानाले दाबून धरला. "आता वर. आता खाली, बुडाले." एक एक जागा आयकली. भरीव, कोरडा, चांगला आवाज होता. जिथं फुटला भोपळा बोलते तसा कुठंच बोलला नाई.

"काई होत नाई त्याले," मी म्हनली. "वरवरचा आहे. पोट साबूत आहे. लाव तारा."

तिकडे बराच वेळ खुंट्या पिळल्याचा आवाज येत होता. मंग ती म्हनली, "आई, माये चार दाने राह्यले होते. मांगं टाकाचे."

मी फोन यायच्या हातात देल्ला. उठली, दारात जाऊन उभी राह्यली, जिथं ती उभी होती तिथंच, अन् पदर पसरला. तिनं एक तार छेडली. मंग दुसरी, तिसरी, चौथी. सावकाश, एक एक. चौथीचा आवाज पुरा जाईपर्यंत मी पदर तसाच धरून उभी होती.